माझा गुडघा आणि तुझी घासणी

प्रिय भिंगरी,

आज मी शिलाई मशीनवर बसले आणि पायाने चालवून एक अख्खा पडदा शिवला. शेजारीण दोनदा डोकावून गेली, मी पडले-बिडले की काय ते बघायला. शेवटी तिलाच बसवलं आणि चहा करून पाजला. गुडघा ठणठणीत आहे. तुझा जीव टांगणीला लागलेला असणार, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

मोठ्या डॉक्टरांनी काय घाबरवलं होतं, आठवतं ना? बसवलेला धातूचा गुडघा काढावा लागेल, आणि जंतू हाडात शिरले तर पायाचंही सांगता येत नाही. जंतूंनी म्हणे धातूवर चिकट थर धरलाय, औषध आत पोचतच नाही. माझ्या काही डोक्यात शिरेना. तेव्हा तू म्हणालीस, आई, दूध करपलेलं पातेलं समज, वरून कितीही पाणी ओत, घासल्याशिवाय निघत नाही. आणि घासणी म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतले ते लोखंडाचे कण, केसापेक्षा हजारपट बारीक, ते गुडघ्यात सोडायचे आणि बाहेरून चुंबक फिरवायचं, की ते आतल्या आत थर खरवडतात. मग औषध आपलं काम करतं. मी पोट धरून हसले होते. जन्मात जिने एक पातेलं धड घासलं नाही, तिने सात वर्षं खपून घासणी शोधली.

या नव्या उपचाराच्या चाचणीत माझा नंबर लागला. चुंबकाखाली पाय ठेवून मी रोज नर्सबाईंशी गप्पा छाटायचे. महिन्याभरात सूज उतरली, तीनदा तपासलं, जंतूंचा मागमूस नाही.

पण माझं डोकं फिरलेलं होतं. चाचणी सुरू व्हायच्या आतच तू परगावी नोकरी धरलीस. मी म्हटलं, आई अंथरुणात आणि लेक पसार. तीन महिने तुझा फोन उचलला नाही. तू रडकुंडीला आलीस असं मावशी सांगत होती, तरी मी हट्टाला पेटलेली.

काल डॉक्टर सहज बोलून गेले. चाचणी करणाऱ्यांच्या घरचं माणूस त्यात घेत नाहीत. मला घ्यावं म्हणून तू सात वर्षांचं काम दुसऱ्यांच्या हाती सोपवून बाहेर पडलीस. मला कळलं असतं तर मी चाचणीच्या कागदावर सही केली नसती, हेही तू बरोबर ओळखलंस. पोरी, माझं चुकलं. हे सांगायला काल फोन हातात घेतला, पण नंबर न फिरवताच ठेवून दिला, म्हणून लिहिलं. आता तू कर. पहिल्या रिंगला उचलते.

तुझीच हट्टी,
आई