ग्रहणातली भाजी

घाटकोपर, नोव्हेंबर १९८४

नलिनी,

पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरलीस, म्हणून पोरीचा ओठ फाटका निघाला, असं सांगून मी तुला माहेरी हाकललं. माझ्या लवूचं रक्त म्हणून पोर तेवढी ठेवून घेतली. चार वर्षं तिला म्हटलं, तोंड झाकून बस.

गेल्या महिन्यात अर्धांगवायूने माझंच तोंड वाकडं झालं. चहा गळायला लागला. लवूने तोंड फिरवलं. पोरीने बशी धरली.

"आजी, मान अशी तिरकी कर. मग नाय सांडत."

कोणी शिकवलं गं तिला? फाटक्या ओठाने हसली, अगदी तुझ्यासारखी.

त्या ग्रहणाच्या दिवशी मला भूक लागली होती. भाजी चिरायला तुला मीच बसवलं होतं.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. वाचून तू तिला न्यायला येशील. मग माझी बशी कोण धरणार?

नावापुरती तुझी सासू,
रुक्मिणी