अर्जदार क्रमांक एक यांस तब्येतीविषयी

कुसगाव, सोमवार
(शनिवार-रविवारची गर्दी आजच उतरली, म्हणून सवड.)

अर्जदार क्रमांक एक श्री. प्रदीपराव यांना अर्जदार क्रमांक दोन रेणुकाचा नमस्कार.

मायना असा का, म्हणाल. ‘सप्रेम’ लिहावं तर वडगावच्या कोर्टात आपण दोघांनी सह्या करून ते रद्द करून घेतलंय. ‘श्री. रा. रा.’ लिहावं तर तुम्हाला बनियनवर, तोंडात ब्रश धरून मांजराच्या मागे धावताना मी पाहिलंय, एवढा मान आता हातून लिहवत नाही. शेवटी कोर्टाच्या कागदावर आपली जी नावं होती तीच बरी वाटली. आईंचे गुडघे कसे आहेत? (तेल गरम करून लावून देता, की ‘लाव गं आई’ म्हणून बाटली नुसती पुढे सरकवता?) तुमची ॲसिडिटी काय म्हणते? कंपनीच्या कॅन्टीनचा वडा सुटला का? मी इकडे बरी आहे. म्हणजे आता बरी आहे. मध्यंतरी नव्हते, आणि त्याचसाठी हे पत्र.

मुद्द्याचं आधीच सांगते, कारण अर्धं वाचून पत्र टीव्हीवर ठेवून द्यायची तुमची सवय मला माहीत आहे. मला क्लॅमिडिया नावाचं इन्फेक्शन झालं होतं. नाव एखाद्या महागड्या साबणाचं वाटतं, पण ते साबणाने जात नाही. (हे मी स्वानुभवाने सांगतेय, पुढे येईलच.) ते शरीरसंबंधातून होतं. बहुतेकांना काही जाणवतही नाही, आत गपचूप बसून राहतं. गोळ्या घेतल्या की बरं होतं, आणि नाही घेतल्या तर बाईला पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, पुरुषालाही नको तिथे दुखणं लागू शकतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेल्या काही महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्यांना कळवायलाच हवं. आता वैशाखात तुमच्या चुलतबहिणीच्या, हर्षदाच्या लग्नात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. (आठवत नसेल तर मला वाईट वाटेल, पण गोळ्या तरी घ्या.)

त्या प्रकरणात आपली काही चूक नव्हती, असं माझं आजही म्हणणं आहे. चूक पत्रिकेची. आपल्या मावळात लग्नाच्या पत्रिकेत एक नाव गाळलं तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं, मग आपलं जोडनाव तोडायची हर्षदाच्या वडिलांची, गेणूभाऊंची हिंमत कशी व्हावी? ‘आपले विनीत’च्या खाली छापून मोकळे झाले, सौ. रेणुका व श्री. प्रदीप. मी फोनवर म्हटलं, भाऊ, आमची सोडचिठ्ठी होऊन वर्ष झालं. तर म्हणाले, “कोर्टाचं कोर्टात ऱ्हाऊ दे. पत्रिकेतनं काडलं तर लय बोभाटा व्हईल.” मग मांडवात त्या माइकवाल्याने आजी सरपंच, माजी सरपंच आणि होऊ घातलेले सरपंच संपवल्यावर आपल्याला टॉवेल-टोपी आणि साडीसाठी सपत्नीक पुकारलं. साडेचारशे लोकांपुढे ‘आम्ही सपत्नीक नाही’ असं सांगायला तुम्ही तरी कुठे तोंड उघडलंत? स्टेजवर तुमचा फेटा तिरका झाला होता. मी तो सरळ केला. माझ्या मते सगळा घोळ त्या फेट्यापासून सुरू झाला. पुढे कार्यालयाच्या खोल्याही पत्रिका बघूनच वाटल्या आणि आपल्या दोघांच्या हातात एकच किल्ली आली. त्यापुढचं लिहीत नाही, पाकीट नीट चिकटलं नाही तर पोस्टमन वाचेल. सकाळी मात्र खोलीतून आधी कोणी बाहेर पडायचं यावरून आपण भांडलो आणि मी एसटीत बसल्या बसल्या तुमचा नंबर ब्लॉक केला.

महिन्याभराने ओटीपोटात दुखायला लागलं आणि मधेच डाग दिसायला लागले. आमच्या हॉटेलच्या लाँड्रीतल्या सरुबाईला सांगितलं. ती म्हणाली, “आगं, हितं काय बसलीस मला दावत? मी चादरी धुती, मानसं न्हाई. डाक्टरकडं जा.” गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारायचं ते सगळं विचारलं आणि तपासायचं म्हणाल्या. मी लाजून आडवीच पडेना, तेव्हा निदान लघवी तरी तपासू म्हणून त्यांनी डबी दिली. आता तुम्ही जाणता, मी हाउसकीपिंगमध्ये आहे. तपासणी म्हटलं की आमचा एकच धर्म: साहेब यायच्या आत घासून-पुसून ठेवायचं. नळावर पाण्याचा थेंब दिसता कामा नये, उशीवर केस दिसता कामा नये. मी सकाळपासून तांब्यावर तांब्या पाणी प्यायले, दोनदा जाऊन आले, साबणाने स्वच्छ धुतलं, आणि तिसऱ्या वेळीसुद्धा पहिली धार सोडून मधली, अगदी बिसलेरीसारखी नितळ, डबीत भरून दिली. रिपोर्ट आला निगेटिव्ह. मी लाँड्रीभर चिक्की वाटली. खरं सांगते, मी बरी आहे याचा आनंद थोडा होता. तुम्हाला कळवावं लागणार नाही, याचा जास्त होता.

पण पोटाला रिपोर्ट वाचता येत नाही, ते दुखतच राहिलं. परत गेले. बाईंनी विचारलं, नमुना कसा दिला होता? मी अभिमानाने सगळी कृती सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि खुर्ची मागे ढकलून हसल्या. म्हणाल्या, अहो, ही तपासणी फार चांगली आहे, सहसा चुकत नाही, पण डबीत जे येईल तेवढंच तिला दिसणार. तुम्ही तर सगळा पुरावा धुऊन आलात! या तपासणीला आधी तासभर जायचं नसतं आणि पहिली धारच द्यायची असते. शिवाय बायकांचं लघवीपेक्षा आतून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यात जास्त खात्रीने सापडतं, आणि ती काडी आपली आपल्याला फिरवता येते. हे आधी कळलं असतं तर मी लाजले कशाला असते? पडद्यामागे गेले, काडी फिरवली, दिली. या वेळी रिपोर्ट पॉझिटिव्ह. बाईंनी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या आणि परत तोच प्रश्न: कुणाकुणाला कळवायचं आहे?

कुणाकुणाला म्हणजे, दोघांना. (बसा. पाणी प्या.) हिवाळ्यात आमच्या किचनमध्ये एक जण कामाला होता, माणूस सज्जन, भाजीत मीठ बेताचं, बोलण्यात तेवढंही नाही. तो आता गोव्याला असतो. तुम्हाला रागवायचा हक्क नाही, कारण तेव्हा आपला निकाल लागून गेला होता. तुमचं त्या काळात काय होतं ते मीही विचारत नाही. त्याला मी दुपारच्या चहाला फोन केला. तो म्हणाला, ‘बरं झालं सांगितलंस, उद्याच जातो.’ चहा गार व्हायच्या आत काम संपलं. मग तुमचं नाव उरलं आणि मला लाँड्रीतल्या सगळ्या टॉवेलांच्या घड्या पुन्हा घालाव्याशा वाटायला लागल्या.

म्हणून मी एक शक्कल काढली. म्हटलं, आधी कोरा करकरीत रिपोर्ट हातात येऊ दे, मग तुम्हाला ताठ मानेने कळवू. गोळ्या संपल्या-संपल्याच, बाईंना न विचारता, लोणावळ्यातल्या दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन तपासणी केली. पुन्हा पॉझिटिव्ह! ती संध्याकाळ मी तुम्हाला शिव्या देण्यात घालवली. (का, ते मला आजही सांगता येत नाही. सवय.) बाईंकडे गेले तर या वेळी त्या हसल्याही नाहीत, रागावल्या. म्हणाल्या, गोळ्या संपल्यावर निदान महिनाभर तरी ही तपासणी करायची नसते, मेलेल्या जंतूंचे अवशेषसुद्धा तिला दिसतात. हे मात्र मला झटकन समजलं. रविवारी पाहुणे गेल्यावर खोलीत पलंगाखाली वेफर्सची पाकिटं निघतात, म्हणून पाहुणे अजून पलंगाखालीच आहेत असं आपण म्हणत नाही. दुखणं थांबलंय, मी बरी आहे. तीन महिन्यांनी एकदा तपासायचं, ते परत कुठून लागलं तर नाही ना एवढ्यासाठी.

निघताना मी वकिलाच्या थाटात विचारलं, बाई, हे नक्की कुणाकडून कुणाला आलं? त्या म्हणाल्या, रिपोर्ट आहे की नाही एवढंच सांगतो. कुणाचं, कधीचं, ते सांगत नाही. प्रदीपराव, आपला सात वर्षांचा संसार ‘चूक कुणाची’ या एका प्रश्नावर गेला. दूध उतू गेलं, चूक कुणाची? गाडी चुकली, चूक कुणाची? आणि पहिल्यांदाच अशी गोष्ट निघाली की तिचा निकाल कोणीच देऊ शकत नाही. मला आधी राग आला, मग रिक्षात एकटीच हसत सुटले. सरुबाईला सांगितलं तर म्हणाली, “दोगांच्या मधलं हाय न्हवं? मग दोगांनी निस्तरा की. कोर्टात कशाला गेलतासा?”

आता उशीर करता येत नाही, कारण तुमच्यासाठी तळेगावची मुलगी पाहिल्याचं कळलं. (कुणाकडून ते सांगणार नाही. आईंकडून.) तिच्याशी जवळीक झाली असेल तर तिलाही सांगा आणि तिलाही तपासून घ्या. झाली नसेल तर तुम्ही बरे होईपर्यंत लांब राहा. त्या पोरीला यात आणू नका, तिचं नाव कुठल्याच पत्रिकेत नव्हतं. मला हे लिहायची भीती वाटत होती. तुम्ही रागवाल याची नाही, त्याला मी केव्हाच सरावले. तुम्ही नुसतं ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणाल आणि चहा गार व्हायच्या आत काम संपेल, याची.

डॉक्टरांकडे जाताना हे पत्र बरोबर न्या. रिपोर्टची वाट न बघता ते गोळ्या सुरू करतील, कारण तपासणीत एखादं सुटू शकतं. तुम्ही कंपनीत क्वालिटीला आहात, पास झालेला पीस कसा परत येतो ते मी तुम्हाला काय सांगू? आणि सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी पिऊन धावायची सवय त्या दिवशी आवरा. काही धुऊ नका. जसे आहात तसे जा.

आईंना नमस्कार. मांजराला काही नाही.

आपली (ही आपली रीत म्हणून)
रेणुका
अर्जदार क्रमांक दोन

ता. क. गोळी भरल्या पोटी आणि ग्लासभर पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको. घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, नाहीतर तुमची ॲसिडिटी गावाला ऐकवाल.

ता. क. २. आईंना यातलं काही सांगू नका. सांगायचंच झालं तर मी सांगेन. तुम्हाला नीट सांगता येत नाही.

ता. क. ३. तळेगावच्या मुलीची चौकशी केली. चांगली आहे, बँकेत आहे, स्वयंपाकही येतो म्हणे. तुम्ही हो म्हणालात तर मी तोंडभरून शुभेच्छा देईन आणि फेटा कोणाकडून बांधून घ्यायचा ते तिचं ती बघेल. मांजर मात्र तिला चालणार नाही. मी मुद्दाम विचारलं.

ता. क. ४. तुमचा नंबर मी परवाच अनब्लॉक केला. दोघांच्या गोळ्या पूर्ण झाल्या आणि काही त्रास उरला नाही, की आपण भेटायला डॉक्टरीणबाईंची हरकत नाही. माझी होती, ती मी मागे घेतली आहे.