वाडीवरचं सातवं घर

बाई, तुमच्या लोणावळ्याच्या स्वयंपाकघरात मी तुमच्याशी खोटं बोलले, तिथूनच सुरुवात करते. पवनेचं धरण व्हायच्या आधीची गोष्ट. मावळातली तान्ही मुलं पावसाळ्यात इतकी का दगावतात, याचा शोध घ्यायला तुम्ही पुण्यातलं मोठं इस्पितळ सोडून इथे आला होतात. आपलं दोन खोल्यांचं ऑफिस गळायचं, म्हणून सगळे कागद तुमच्या स्वयंपाकघरात येऊन पडत. मी घोरावाडीची, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, नर्सिंगचं शिक्षण अर्धवट राहिलेली. महिन्यातून एकदा वाड्यांवर जायचं, मुलाला झोळीत घालून काट्याला टांगायचं, वजन लिहायचं आणि आईला ठरलेले प्रश्न विचारायचे, हे माझं काम. त्या दिवशी मी कांदा चिरतेय आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीचे कागद बघताय. "आषाढात वाडीवरची सगळी मुलं वजनाला उतरली आणि सातव्या घरातलं एकटंच वाढलं?" मी हो म्हणाले. "तू स्वतः पाहिलंस?" "पाहिलं." तुम्ही चष्मा डोळ्यांवर ओढलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी आपण दोघी जाऊ."

खरं असं होतं की सातवं घर ओढ्याच्या पलीकडे एकटंच होतं. ओढ्याला पाणी होतं, पण छातीइतकं नव्हतं. थोडं वर जाऊन ओलांडता आलं असतं. मी दमले होते, भिजले होते. परत खाली उतरले, पेठेतल्या एका ओसरीवर बसून मागच्या महिन्याच्या वजनात थोडं मिळवलं आणि 'मूल ठीक' असं लिहून टाकलं. वीस वर्षांची होते मी. एका घरानं काय होतं, असं वाटलं होतं.

कामशेतला उतरून, थोडं बैलगाडीनं आणि बाकीचं पायी, आपण पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. तुमचा दम लागलेला मला ऐकू येत होता, पण तुम्ही थांबला नाहीत. झोपडीच्या दारात ती बाई नाचणी निवडत बसली होती. माझ्याच वयाची असेल. तुम्ही विचारलंत, "लेकरू कुठंय?"

"न्हाई ऱ्हायलं, मावशी," ती म्हणाली. "पंचमीच्या आदीच गेलं. ताप व्हता. मंग दूद घेईना." हात नाचणीतच ठेवून ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ही काटावाली ताई येनार हाय, म्हनून आमी खाली न्हेलं न्हाई. म्हनलं, ताईलाच दावू. दोन दिस वाट बघितली."

तिनं तुमच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "त्यात काय लिवलंय?" मला वाटलं, तुम्ही काहीतरी सांगून वेळ माराल. तुम्ही सरळ सांगितलंत, "मूल बरं आहे, वजन वाढलंय, असं लिहिलंय."

ती हळूच म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या की तसंच. कुटंतरी ऱ्हाऊ द्या त्याला."

तुम्ही तिच्याजवळ जमिनीवर बसलात. "नाही गं राहू देता येत, पोरी. हे खोडलं नाही तर त्याला काय झालं ते कुणाला कळणारच नाही. पुढच्या लेकराला तरी कळायला हवं ना?" आणि कागद, पेन माझ्या हातात दिलंत. "तू खोड. आणि तिला विचारून, पहिल्या दिवसापासून, सगळं लिही." मी लिहिलं. ताप कधी चढला, श्वास कसा चालला होता, कुणी काय पाजलं. ती सांगत होती, मधेच थांबत होती, आणि तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होतात. त्या मुलाचं नाव काय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

कामशेतच्या फलाटावर तुम्ही एवढंच बोललात, "मी तुला काढणार नाही. काढलं तर तू दुसरीकडे जाऊन हेच करशील. माझ्याजवळ राहा." दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर तासभर तुम्ही मला इंग्रजी शिकवायला बसवलंत, आपण गोळा केलेल्या माहितीचा अहवाल मला स्वतः वाचता आला पाहिजे म्हणून. परदेशातून पाहुणे येत, आकडे वहीत उतरवून घेत, तुमचं कौतुक करून जात. ते गेले की तुम्ही म्हणायचात, "ते आकडे घेऊन जातील. वाडीवर परत आपल्यालाच जायचंय, तोंड दाखवता आलं पाहिजे." पुढच्या शिक्षणाचा माझा अर्जही तुम्हीच भरलात. माझी शेवटची परीक्षा चालू असताना तुम्ही गेलात आणि मला ते चार दिवसांनी कळलं. मी आले तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी दुसरंच भांडी लावत होतं.

आज मीही मुलामुलींना हे काम शिकवते. दर वर्षी त्यांना सातव्या घराची गोष्ट सांगते. मी स्वतःची चूक लपवत नाही म्हणून मुलं मला मान देतात. गेल्या महिन्यात तुमच्या भाचीचं पत्र आलं. तुमच्या आठवणींचं पुस्तक काढतेय, चार पानं द्या म्हणून. तिच्यासाठी म्हणून हे लिहायला बसले, पण हे कागद तिला जाणार नाहीत. तिला मी तुमच्या शिस्तीबद्दल काहीतरी बरं लिहून देईन.

कारण त्या परतीच्या वाटेवर तुम्ही मला विचारलं होतंत, "आणखी कुठं असं केलंयस?" मी नाही म्हणाले. बाई, आणखी एक घर होतं, पवनेच्या पलीकडच्या वाडीत. तिथलं वजन मी हुशारीनं थोडं उतरवून लिहिलं होतं, म्हणून तुमच्या नजरेतून सुटलं. त्या दिवसानंतर पंधरा दिवसांनी मी तिथं एकटी जाऊन आले. दाराला सुंभ बांधलेलं होतं, माणसं मजुरीला कोकणात उतरली होती. ती परतली का, हे बघायला मी पुन्हा गेले नाही. तुमची सही असलेल्या अहवालात ते मूल अजून जिवंत आहे, आणि ते खरं की खोटं हे मला माहीत नाही.