फोटोवर मॉर्फिन देत नाही

मंगळ. ११ नोव्हें.
आज पुन्हा तो फॅक्सचा नियम. फॅक्स मशीन कधीच भंगारात गेलं, आता फोनवर फोटो येतात. नियम तोच. मॉर्फिन द्यायचं तर डॉक्टरांच्या सहीचा अस्सल कागद हातात हवा. फोटोवरून पाकीट तयार करून ठेवायचं, द्यायचं नाही. एकच फोटो चार ठिकाणी दाखवता येतो.

करंजा बंदरावरून सुगंधा आली होती. आईचा कॅन्सर हाडांत पसरलाय. मुंबईच्या डॉ. नीलांनी व्हिडिओ कॉलवर बघून डोस दुप्पट केला, चिठ्ठीचा फोटो पाठवला. हे औषध आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत मिळतं म्हणून ती पनवेलला आली.

"ताई, सई हाय ना खाली? मग?"
"फोटोवर नाही देता येत गं. जुन्या डोसच्या गोळ्या आहेत ना घरी?"
"हायत की. पन त्यांनी काय होत नाय. आई दात आवळून पडलेली असते."

भांडली नाही. बाकावर बसून राहिली, मग एसटी पकडायला गेली. घरी आले तरी जेवण जाईना. नवरा म्हणाला, नियम काय तू केलास? नाही. पण 'नाही' मी म्हटलं.

बुध. १२
डॉ. नीलांना फोन केला. चिडतील वाटलेलं. "बरोबर केलंस. कागदाचं बघते मी." कुरिअर करतील बहुतेक.

गुरु. १३
दुपारी काउंटरसमोर पांढऱ्या केसांच्या बाई, गुडघ्याला पट्टा. "मी नीला." मी उठून उभी राहिले.
"कागदासाठी एवढ्या लांब आलात?"
"कागदासाठी नाही. नव्याने लिहायला बसले आणि वाटलं, दुप्पट करतेय ते फोनवर चेहरा बघून. हात लावून बघायला हवं."
कागद पर्समध्येच ठेवला. आधी बघून येते, म्हणाल्या. गाडी करून करंजाला गेल्या. या वयात, तो गुडघा घेऊन. त्या गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आले.

शुक्र. १४
डॉ. नीलांचा फोन. सुगंधाची आई गोळ्या घेतच नव्हती. जिभेखाली धरायची, सुगंधाची पाठ वळली की उशीच्या अभ्र्यात. दुप्पट डोसची गरजच नव्हती.
"आणि एखाद्या दिवशी खरंच गिळली असती ती दुप्पट, तर..." सवय नसलेल्या अंगात एवढ्या डोसने श्वासच थांबतो.
तयार ठेवलेलं पाकीट रद्द केलं.
पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. हाडांतलं ते दुखणं, गोळीशिवाय, इतके दिवस. कशासाठी?

रवि. १६
राहवलं नाही. डॉ. नीला पुन्हा करंजाला जाणार होत्या, सोबत गेले.
बंदराला लागून घर. सुगंधा अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होती. आई खाटेवर, नुसती हाडं. पण आवाज खणखणीत. उभा जन्म बंदरावर मासळीच्या लिलावात बोली लावलेली.

"गोळी घेतली का डोकं बुडतं. पहाटं बोटी लागतात, बोली चालते, ती मना हितून ऐकू येते. कंच्या बोटीला काय घावलं, सांगते मी."
"आनि बरोबर सांगते," सुगंधा म्हणाली.

म्हणजे तेवढं ऐकण्यासाठी.

डॉ. नीलांनी खाटेवर बसून हात हातात घेतला. "लिलाव उरकल्यावर घ्या, मावशी. थोड्यापासून सुरू करू."
म्हातारीने माझ्याकडे बघितलं. "नाय बोललीस ती तूच ना? मंग तू सांग. लिलावाला जागी राहीन मी?"
मी डॉक्टरांकडे बघितलं.
"बहुतेक," त्या म्हणाल्या. "नक्की नाही सांगता येत."

त्यावर ती पहिल्यांदा हसली. पाणी मागितलं. सुगंधाने तांब्या आणून ठेवला, हातावर गोळी दिली. आम्ही निघालो तेव्हा तांब्या भरलेलाच होता, गोळी अजून तिच्या मुठीत, आणि लिलाव उरकलेल्या बंदराकडे ती बघत होती.