फक्त माझ्या स्क्रीनवरचं चिलखत

५ जानेवारी, सोमवार
किळस आली. ‘वज्रदुर्ग’ या ऑनलाइन खेळात या मोसमातलं सर्वांत मजबूत चिलखत म्हणजे गुलाबी सशाचा पोशाख. लांब कान, मागे कापसाचा गोळा, धावलं की चीं चीं आवाज. संरक्षण मात्र बाकी कुठल्याही चिलखताच्या दीडपट. आकड्यांशी माझं भांडण नाही. म्हणून घातला.

६ जानेवारी
उपाय सोपा निघाला. खेळाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पोशाखाच्या रूपाची वेगळी फाईल असते. सशाच्या फाईलच्या जागी साध्या काळ्या लोखंडी चिलखताची फाईल ठेवली, नाव सशाचंच ठेवलं. खेळाला फसवता आलं. बदल फक्त माझ्या लॅपटॉपवर दिसतो, बाकीच्यांना ससाच दिसणार. चालेल. मला कोणाला दाखवायचं नाही. नियमात बसत नाही हे माहीत आहे. पण ही फसवणूक नाही, स्वच्छता आहे.

१० जानेवारी, शनिवार
काळ्या चिलखतात माणूस वेगळाच उभा राहतो. आज संघाशी शिस्तीवर बोलले. संघात बाकी तिघं, तिघंही डहाणूच्या कॉम्प्युटर क्लासमधले माझे जुने विद्यार्थी. नविन घोलवडला चिकूच्या पॅकिंगला आहे, सुनिल कासाला मोबाईल दुरुस्त करतो, योगिता तलासरीची. २५ला तलासरीत स्पर्धा. सामने सुरू होण्याआधी मंचावरच कप्तान निवडायचा. मला पदाची हौस नाही. पण दुसरं आहे कोण?
बोलताना खेळातल्या उंच खडकावर उभी होते. पोशाखावरून माणूस कळतो, असं म्हटलं. हेडफोनमध्ये नविनला जोराचा ठसका लागला. पॅकिंगच्या शेडमध्ये धूळ फार असते.

१३ जानेवारी
योगिताचे सोनेरी पंख. शिसारी येते. चालताना त्यातून चमकी गळते. लग्नाच्या मंडपालाही कोणी एवढी लावत नाही. कप्तान व्हायला तीही तयार आहे म्हणे, पंखांसकट. त्या फाईलच्या जागी गोणपाटाची शाल ठेवली. आता नजरेला त्रास नाही.

१६ जानेवारी
योगिताने पंख सोडले याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. ती म्हणाली, कुठे सोडले मॅडम, घातलेत की. सुनिल तिला म्हणाला, जाऊ दे ना योगे, मॅडम म्हणतात ना सोडलेस, मग सोडलेस. मुलगी लाजाळू आहे. माझ्या बोलण्याचा परिणाम दिसतो आहे.

नंतर आठवलं की पंख मीच काढले होते, तेही माझ्याच स्क्रीनवर. मुद्दा तरीही बदलत नाही.

२० जानेवारी, मंगळवार
सुनिलने विचारलं, मॅडम, एक विचारू का, रागावणार नाही ना, तुमचा तो ड्रेस... नविन मध्येच ओरडला, ए गप ए, मॅडमना कोण असं विचारतं का! मी म्हटलं, विचारू दे, शिकण्यासारखं आहे. मग सुनिल म्हणाला, काही नाही मॅडम, लय भारी आहे.
त्यांना काळं चिलखत दिसत नाही, हे तांत्रिकदृष्ट्या खरं. पण ते वागण्यात उतरतं.

२४ जानेवारी, शनिवार
कप्तानपद घेतल्यावर करायचं भाषण तयार. विषय : साधेपणा. स्वतःचे लॅपटॉप आणू नका, मशीन आमचीच असतील, असा आयोजकांचा मेसेज आला. बरं झालं, ओझं वाचलं.

२५ जानेवारी, रविवार
तिन्ही मतं मला. योगिताचंसुद्धा. माइकवर साधेपणाविषयी बोलले. मग मंचावरच्या मशीनवर लॉग इन केलं.

आयोजकांची खेळाची कोरी प्रत. मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवलेला, माणसापेक्षा मोठा, गुलाबी ससा. स्पीकरमधून चीं. पहिल्या रांगेत यंदाच्या बॅचची मुलं बसली होती, ती बाकांवर चढली. शेजारी योगिता, पंखांसकट, चमकी गळते आहे.
किळस आली, मुख्यतः आयोजकांची. प्रशिक्षित माणूस जे करेल तेच केलं : पेन ड्राइव्ह लावला, खेळाचं फोल्डर उघडलं. तेही भिंतीवर दिसत होतं. पंचांनी विचारलं, काय करताय मॅडम? मी म्हटलं, स्वच्छता.

खेळाच्या फाईलींना हात लावला म्हणून संघ बाद. एकही सामना न खेळता.

स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसलो. योगिता सोडायला आली होती. म्हणाली, मॅडम, आम्ही त्या सशाला बघूनच तुम्हाला मत दिलं. तुम्ही कान हलवत शिस्तीवर बोलायला लागलात की आमची भीतीच जायची. नविन म्हणाला, आणि समोरच्या संघातली पोरं हसून हसून गार झाली असती, जिंकलोच होतो आपण.
मी म्हटलं, अर्थात. ससा मी त्यासाठीच निवडला होता.
मग बदलायला कशाला गेलात, असं सुनिलने विचारलं.
मी म्हटलं, बॅग घे, तुझं कासा आलं.
तो म्हणाला, मॅडम, गाडी अजून सुटलीच नाही.