ओढून न्यायची खोली

ता. १९ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं विचारलंस, तर गुडघा आहे तिथेच आहे आणि कुरकुरतोही आहे. निवृत्त होऊन चार महिने होत नाहीत तोच मी पुन्हा वेल्डिंगचा चष्मा चढवलाय. पस्तीस वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधल्या, आता एकच बांधायची. गाडीच्या मागे जोडून ओढून न्यायची खोली. आठ फूट लांब, साडेपाच रुंद. भंगारवाल्याकडून जुन्या जीपचा मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट उचलून आणला. लोखंडी चौकट काल पुरी झाली. जिथे रस्ताच नाही अशा जागी जायचंय, म्हणून चाकं मोठी आणि पोट जमिनीपासून दीड फूट वर.

कुठे जायचं ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या वहिनीचं पठार. तिच्या वनस्पती-सर्वेक्षणाच्या खात्याने नाद सोडला तरी बावीस वर्षं ही एप्रिलच्या शेवटी तिथे जाऊन खडकाच्या फटीतली ती बोटभर उंचीची जांभळी झाडं मोजत होती. तीन आठवडे फुलतात आणि नाहीशी होतात. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून दोन वर्षं गेली नाही. जाणार कशी? दिवसातून चार वेळा नळीतून पोटातलं डायलिसिसचं पाणी काढायचं, नवं भरायचं, दर वेळी अर्धा तास, आणि तेही स्वच्छ, दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत. पठार इथून दिवसभराच्या वाटेवर. मी म्हटलं, हिला खोली सोडून जाता येत नाही ना, मग खोलीनेच हिच्याबरोबर जावं.

तू एवढी वर्षं वॉर्ड सांभाळतेस. आत काय काय लागेल, पिशवीचा हूक किती उंचावर हवा, भिंतीला कुठला पत्रा चालेल, ते सविस्तर लिही. वहिनीला अजून सांगितलेलं नाही. कारखान्यातल्या एका मित्राला हत्यारं न्यायला गाडी हवीय, अशी थाप मारून ठेवली आहे. तुझ्या पोटात राहू दे.

बाकी क्षेम. मायेचा सांधा पक्का आहेच, वरचेवर पत्राचं तेलपाणी घालत जा.

तुझा
दादा

ता. २७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दिवसभर अख्खा वॉर्ड मला सिस्टर म्हणून हाका मारतो, पण कामं सांगणारा खरा भाऊ एकच. पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. भरायची पिशवी बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या बरीच वर हवी, म्हणजे पाणी आपोआप उतरतं. काढलेल्या पाण्याची पिशवी खाली जमिनीवर. तेव्हा छप्पर बुटकं करून चालणार नाही. भिंती पुसता येतील अशा गुळगुळीत, कोपऱ्यांत फट नको. हात धुवायला वाहतं पाणी. पिशवी अंगाइतकी कोमट करायला कोरड्या उबेची पेटी. आणि मुख्य म्हणजे धूळ. दादा, तू खडीच्या नि मातीच्या वाटेने जाणार. त्या धुळीचा एक कण नळीच्या तोंडाशी गेला तर काय होतं ते मागच्या वर्षी आपण पाहिलंय. वहिनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाक हलवू नकोस.

आणि थापेबद्दल. तुला लहानपणापासून थाप मारता येत नाही. कान लाल होतात. वहिनीने बावीस वर्षं बोटभर झाडं शोधून काढली, तिला अंगणात उभी आठ फुटी खोली दिसत नसेल असं वाटतं तुला?

माझं बरं चाललंय. मायेत हात आखडता घेऊ नकोस, एवढीच विनंती.

तुझी
चिमी

ता. ६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांनी परवा माझी उंची मोजली. मी खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. खुर्चीचं माप घ्यायचंय म्हणाले आणि टेप माझ्या खांद्यापर्यंत नेली. कुठल्या खुर्चीला खांदे असतात ते तुम्हीच सांगा. मी शेंगा सोलतच राहिले. ते मात्र कान लाल करून निघून गेले.

मला सगळं कळलंय, वन्सं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतं. पत्रा कापताना, रिव्हेट ठोकताना हा माणूस गुणगुणतो. किती दिवसांनी! त्यासाठी तरी गप्प बसावं असं वाटतं. पण तुम्हाला खरं सांगते, मला त्या डब्यात बसून कुठेही जायचं नाही.

मागच्या वर्षी पोटात जंतू गेले तेव्हा हे बाजारात गेले होते. बारा दिवस मी दवाखान्यात होते. माझ्या हातून चूक झाली असेल किंवा नसेलही, डॉक्टरसुद्धा सांगू शकले नाहीत. पण आपण घरात नव्हतो म्हणून झालं, असं यांनी मनाशी घट्ट धरलंय. तेव्हापासून दिवसातून चारही वेळा हे तोंडाला पट्टी बांधून समोर उभे. मी हात धुताना मोठ्याने आकडे मोजतात. टोपण काढताना स्वतःचा श्वास धरतात. माझं पोट, माझी नळी, आणि मला त्यात एक क्षण एकटीला मिळत नाही. इथे निदान खोली मोठी आहे. त्या डब्यात भिंती जवळ येतील आणि हेही.

डॉक्टरांना विचारून झालं, भंगारवाल्याला विचारून झालं, तुम्हालाही विचारलंच असेल. एकट्या मला विचारायचं राहिलं.

हे त्यांना कळवू नका. माणूस कोलमडेल. आठवण आहेच, ती अशीच ताजी ठेवावी.

तुमची
वहिनी

ता. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं. आता पोस्टात टाकते आहे, मग तू रागाव.

कुणी काय सांगितलं ते विचारू नकोस. मी वॉर्डात पाहते तेच लिहिते. काही नातेवाईक इतके जपतात की रोग्याला आजारापेक्षा त्यांचंच ओझं होतं. पाणी प्यायलं तरी कपाकडे बघत बसतात. त्यांची माया खोटी नसते. पण रोगी आमच्या कानात सांगतो, सिस्टर, यांना थोडा वेळ बाहेर पाठवा. मी पाठवते. काहीतरी आणायला सांगते, जे आमच्याकडे असतंच.

तू गाडीचा ॲक्सल तपासलास, पाटे तपासलेस. जिच्यासाठी बांधतोयस तिला जायचंय का, हे तपासलंस का? वहिनीला विचार. थाप न मारता. आणि ती जे म्हणेल ते शेवटपर्यंत ऐक, मध्येच उपाय सांगू नकोस. तुझी ती सवय आईलाही सहन व्हायची नाही.

लहान तोंडी मोठा घास घेतलाय. जमलं तर गिळून टाक, आणि पहिल्यासारखाच लोभ ठेव.

तुझी
चिमी

ता. ४ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राचा राग आला. आठ दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पंधरा लागले.

त्यातले बारा दिवस मी विचारलंच नाही. त्याऐवजी खोली पुरी केली. पत्रा बसवला, दाराला दुहेरी रबर लावलं, पिशवीच्या हुकासाठी बैठकीवरचं छप्पर वीतभर उचललं. मग आतल्या भिंतींना पांढरे कागद चिकटवले आणि खाणीकडच्या कच्च्या रस्त्याने तासभर ओढून आणली. दार उघडलं तर कागद तपकिरी. बोट फिरवलं की रेघ उमटायची. सगळ्या फटी बुजवून पुन्हा नेली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चिमी, पस्तीस वर्षांत माझ्या बॉडीत पाण्याचा थेंब शिरला नाही, आणि ही धूळ कुठून येते ते मला कळेना. तो कागद हातात घेऊन मी पायरीवर बसून राहिलो.

तुझी वहिनी बाहेर आली. कागद पाहिला आणि हसायला लागली. म्हणाली, मित्राच्या हत्यारांना धुळीची इतकी भीती? मग स्वतःच सांगितलं. त्यांच्या खात्याच्या जीपमध्येही असंच व्हायचं. जितकं घट्ट बंद करावं तितकी धावती गाडी मागच्या फटींतून धूळ आत ओढते. त्यांचा ड्रायव्हर पुढची उंचावरची एक झडप उघडी ठेवायचा. तिथून वारा आत घुसला की आतून बाहेर दाब राहतो आणि धुळीला शिरायला वावच उरत नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या भिंतीवर, वरच्या अंगाला झडप कापली, तिला गाळणीचं कापड लावलं. कागद पांढरा परतला. म्हणजे हे तिला ठाऊक होतं, आणि मी तीन वेळा धूळ खाऊन आलो.

तेव्हा विचारलं. तुला जायचंय का? तिने पांढरा कागद नीट घडी करून ठेवला. मग म्हणाली, पठारावर जायचंय, तुमच्या पहाऱ्यात नाही. दाराला आतून कडी हवी. पाणी बदलताना मी आत एकटी असेन आणि तुम्ही बाहेर. आणि बैठकीसमोर खिडकी हवी, मोठी, उघडणारी नको, नुसती काचेची.

मी मध्ये काहीच बोललो नाही. तुला विचारता येईल तिला.

खिडकी कापायला घेतली आहे. कडीचं मात्र मला जमेल असं वाटत नाही. आत काही झालं आणि दार आतून बंद असलं तर? हे कुणी बोलत का नाही?

मायेला गंज चढू देऊ नकोस.

तुझा
दादा

ता. ११ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

कळवू नका म्हटलं की तुम्ही काय करता, ते आता मला कळलं. पुढच्या वेळी गावभर करायची असेल तीच गोष्ट तुमच्या कानात सांगेन. रागावले नाही. आधी रागावले होते.

खिडकी सुरेख झालीय. ओटा दोन बोटं खाली घ्यायला लावला, दिवा डाव्या हाताला घ्यायला लावला. हे कुरकुरत करतात, पण विचारतात. उबेची पेटी बॅटरीवर चालते. डॉक्टरांनी मला त्यांच्यासमोर दोनदा पूर्ण बदल करायला लावला आणि हात पक्के आहेत म्हणाले. हे मागे उभे होते. तोंड बंद, पण ओठ हलत होते. आकडेच मोजत असणार.

कडीचं सामान महिनाभर ओट्यावर पडून होतं. आज करू, उद्या करू. काल हे रबर आणायला गेले तेव्हा मीच ड्रिल घेतलं. पहिलं भोक वाकडं गेलं, दुसरं बरं आलं. परत येऊन यांनी कडी पाहिली, एकदा सरकवली, आणि एक स्क्रू सैल होता तो न बोलता आवळून दिला. वन्सं, मला वाटतं आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात इतकं मोठं बोलणं यांनी कधी केलं नव्हतं.

एक मात्र मीही मानलं. काही चुकल्यासारखं वाटलं तर मी भिंतीवर तीनदा ठोकायचं, आणि मग कडी काढायची. भीती त्यांची आहे, पण ती अगदीच वेडी नाही.

पंचवीस तारखेला निघतो. आमच्यावरचा लोभ कमी करू नये, चुगल्या तेवढ्या कमी कराव्या.

तुमची
वहिनी

ता. २७ एप्रिल

चि. चिमीस,
अ. उ. आ. वि. वि.

पठारावर पोचलो. पण ठरल्याप्रमाणे नाही. शेवटच्या तीन मैलांत वाट वाहून गेलीय, नुसते दगड उरलेत. गाडी पावलापावलाने नेत होतो, मागची खोली डावीकडून उजवीकडे कलत होती, आणि पाणी बदलायची वेळ टळत चालली होती. मी म्हणालो, परत फिरू. खाली सपाटीला पाणी बदल आणि घरी जाऊ. ती म्हणाली, फिरायला तरी जागा कुठे आहे, इथेच थांबवा. चाकांना दगड लावले. उतारावर, वाऱ्यात, चिटपाखरूही नसलेल्या जागी ती आत गेली. कडी सरकल्याचा आवाज झाला.

त्या अर्ध्या तासाचं काय लिहू? मी खोलीभोवती फेऱ्या घातल्या. खिडकी दरीच्या बाजूला, तिकडून बघता येत नाही. भिंतीला कान लावला. वाऱ्यापलीकडे काही नाही. आकडे मोजले, चुकले, पुन्हा मोजले. शेवटी स्वतःचाच वैताग येऊन पुढचा रस्ता तपासायला म्हणून चालत गेलो. कुठला दगड हलवला की चाक जाईल ते पाहिलं, चार-पाच हलवले. परत आलो तर दार सताड उघडं आणि आत कुणी नाही.

चिमी, खोलीखाली वाकून पाहिलं, गाडीत पाहिलं. हाका मारल्या. उत्तर नाही. धावत मागचं वळण ओलांडलं, तर पन्नास पावलांवर ती खडकावर पालथी पडलेली. मी ओरडलोच. तिने मान न वळवता हात वर केला आणि गप्प राहा अशी खूण केली. मोजत होती. मध्ये बोललो असतो तर आकडा विसरली असती. झाडं पठारावरून उतरून वाटेपर्यंत आलीयत म्हणे, पूर्वी इतक्या खाली कधी नव्हती. मी उभाच राहिलो. मोजणी संपल्यावर उठून बसली, कपाळाला माती लागलेली, आणि म्हणाली, दोनशे अकरा. मग माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, तुम्हाला काय झालं?

मी म्हणालो, काही नाही.

काल आणि आज दोरी लावून पट्टे पाडले. एक तिचा, एक माझा. माझ्या पट्ट्यात एकशे सात आली, तिने पुन्हा मोजायला लावली, तर एकशे एकोणीस भरली. शिवाय मी काही पायाखाली घेतली असं तिचं म्हणणं आहे. परतीचा दिवस धरून पिशव्या अजून तीन दिवस पुरतील, म्हणून दोन दिवस राहतोय. पोचल्यापासून ताप नाही, दुखणं नाही, पाणी अगदी स्वच्छ उतरतंय. तुला हेच आधी हवं असेल, मी शेवटी लिहिलं. माफ कर.

अक्षर नीट आलंय याचं नवल वाटेल तुला. गाडीला खोली जोडायचा जो दांडा असतो त्यावर बसून सावकाश लिहितोय. संध्याकाळचा बदल चाललाय. ती आत आहे, कडी लावलेली आहे, आणि अर्धा तास मला काही काम नाही.

तुझा
दादा