उकळलेल्या पट्ट्या

करी रोड,
४ फेब्रुवारी २०२५

ती. रखमाकाकीस,
विनीतचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा कागद. कॉलेज सोडून करतोस काय, विचारलंस. लालबागच्या गाळ्यात अ‍ॅल्युमिनियमला पक्का रंग धरवतो. माल आम्लाच्या टाकीत बुडवायचा, वीज सोडायची, की वर बारीक भोकं पडतात आणि रंग त्यांत मुरतो. सरांशी भांडून निघालो त्याचं काही वाटत नाही. वर्गातल्या मेघनाचं वाटतं. ती शिकत राहिली, आता परळच्या प्रयोगशाळेत आहे.

गंमत म्हणजे तीही अ‍ॅल्युमिनियमच करते. नखाएवढी पट्टी, तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं. उजेड टाकला की हिरवट रंग परततो. रक्तातला रोगाचा अंश भोकांत शिरून बसला की तो रंग किंचित सरकतो. आपल्या काकांच्या किडनीसारखं दुखणं फार आधी कळावं, एवढंच तिला हवंय. तिकडचं यंत्र बंद पडलं, म्हणून शेवटच्या पट्ट्या तिने माझ्याकडून करून घेतल्या. माझ्या डब्यातली सुकट पण खाल्ली. तिचं काम पार पडलं की मी तिला विचारणार आहे. तू मोडता घालू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा विनीत

मिठबांव,
१३ फेब्रुवारी

चि. विनीत यास काकीचे अनेक आशीर्वाद.

सुकट खाल्ली म्हणजे पोरगी बरी. पण झिला, विचारशील तेव्हा भांडण उकरून काढल्यासारखा विचारू नको. हे असते तर म्हणाले असते, हा अंतरपाटापलीकडेही कुणाची तरी कॉलर धरील.

कुळथाचं पीठ पाठवलंय. यांचा पलंग अजून हलवला नाही. दीर म्हणतात जागा अडते. अडू दे. अस्थीसुद्धा समुद्राने ठेवल्या नाहीत, निदान पलंग असू दे.

पोटभर जेव, आठवण धर.
तुझी काकी

करी रोड,
२ मार्च

ती. काकीस,
सा. न.

कसं लिहू कळत नाही. रक्त घातलं तरी पट्ट्यांचा रंग सरकलाच नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर मेघनाची मान खाली गेली. ती गाळ्यात आली तर उलट मीच आवाज चढवला, की खोट तुमच्या लॅबमध्ये आहे, माझ्या हातात नाही. आमच्या मालकांनी, तात्यांनी, दंडाला धरून मला मागे ओढलं. तिने एवढंच विचारलं, “विनीत, शेवटी काय केलंस?”

शेवटी जे रोज करतो तेच. रंग झाला की माल उकळत्या पाण्यात सोडायचा. भोकं बुजतात, डाग आत शिरत नाही. तिच्या पट्ट्यांना डाग लागू नये म्हणून मी त्या आपणहून उकळल्या. तिने पट्टी उजेडात धरली. म्हणाली, “आता आत काहीच जाणार नाही रे.”

काकी, अजून एक आहे. काका परळला दाखल होते तेव्हा त्यांनी तिला तपासणीच्या कामासाठी रक्त दिलं होतं. तू घाबरशील म्हणून सांगू दिलं नाही. म्हणाले, माझं उशिरा कळलं, कुणाचं तरी वेळेत कळू दे. ते गोठवून ठेवलेलं होतं. एकदा वितळलं की परत ठेवता येत नाही. माझ्या कामावर भरवसा ठेवून तिने ते सगळं वितळवलं, आणि ते त्या बुजलेल्या पट्ट्यांवरच संपलं.

काकांचं रक्त घातलेली एक पट्टी माझ्या हातात ठेवून ती गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन घेत नाही. पट्टी भिरकावणार होतो, हात उचलला तो तसाच राहिला. डबीत ठेवलीय.

जमलं तर पदरात घे.
विनीत

मिठबांव,
११ मार्च

चि. विनीतास आशीर्वाद.

रक्ताचं मला ठाऊक नव्हतं. म्हणजे इतके दिवस यांचं थोडं परळात होतं, आणि मी इथे समुद्राकडे बघत बसले होते. आहे हे कळलं त्याच ओळीत गेल्याचंही कळलं. तुझ्यावर रागवावं म्हणते, पण राग यायला जागाच नाही. मेघनाच्या दारात जाऊन ओरडू नको. इतक्यात काही विचारूही नको. तिचं दुःख तुझ्यापेक्षा मोठं आहे, ते तिला करू दे.

आत काही गेलं नाही म्हणतोस. म्हणजे वरच राहिलं असेल. ती पट्टी मला पाठव. धुऊ नको.

तुझी काकी